लढाई संपल्यावर

जॉर्ज ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. नेपोलियन नावाचं डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, ही जुळवाजुळव गाइडातही मिळते. मी पडलो फौजी माणूस. माझं लक्ष त्यातल्या लढायांकडे जातं, आणि लढाई संपल्यावर तिच्या नोंदीचं काय होतं, त्याकडे.

कारवाईच्या काळात आमच्याकडे युनिटची वॉर डायरी लिहितात. कोण कुठे होतं, किती वाजता काय घडलं, कोण जखमी झालं. मृत जवानाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती डायरीच त्याच्या बाजूने बोलते.

आता गोठ्याची लढाई आठवा. स्नोबॉल आघाडीवर असतो, मालक जोन्सचे छर्रे त्याच्या पाठीला लागतात, त्याला पदक मिळतं. पुढे त्याला हाकलून देतात आणि नोंद बदलायला लागते. आधी, त्याचं शौर्य जरा फुगवून सांगितलं होतं. मग, तो पहिल्यापासून जोन्सचाच हस्तक. पाठीवरच्या जखमा? त्या नेपोलियनच्या दातांच्या! शेवटी तर पदक मिळालंच नव्हतं, उलट भ्याडपणाबद्दल ठपका होता. बॉक्सर घोडा स्वतः त्या लढाईत लढलेला. तो शंका काढतो, आणि चार दिवसांत कुत्री त्याच्यावर धावून जातात.

ही अतिशयोक्ती नाही. १९१८ पासून लाल सेना उभी करणारा ट्रॉट्स्की १९३८च्या सोव्हिएत पक्ष-इतिहासात गद्दार ठरला. त्याच सुमारास लाल सेनेच्या पाच मार्शलांपैकी तिघांचा बळी गेला.

ऑर्वेलला हे कळलं ते नुसतं वाचून नव्हे. स्पेनच्या यादवीत तो खंदकात लढला, मे १९३७ मध्ये त्याच्या गळ्यातून गोळी गेली. महिनाभरात त्याची संघटना फॅसिस्टांची हस्तक ठरवली गेली, साथीदार तुरुंगात गेले, आणि त्याला बायकोसह सीमा ओलांडून पळावं लागलं.

एवढं सोसलेला माणूस स्टालिनवर काहीही लिहू शकला असता. पण मला जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते ती निराळीच. पुस्तकात पवनचक्की सुरुंगाने उडते, तेव्हा नेपोलियनसकट सगळी जनावरं जमिनीवर पालथी पडतात, असं त्याने लिहिलं होतं. मार्च १९४५ मध्ये, मजकूर छपाईच्या वाटेवर असताना, त्याने पॅरिसहून प्रकाशकाला कळवलं: 'नेपोलियनसकट' नको, 'नेपोलियन सोडून' करा. कारण १९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोच्या दाराशी आल्या, सरकारी खाती कुइबिशेवला हलली, तरी स्टालिन मॉस्कोतच थांबला होता.

शत्रूचीसुद्धा नोंद बरोबर हवी, आणि तीही डुकरांच्या गोष्टीत! पुस्तक ऑगस्टमध्ये आलं ते ही दुरुस्ती घेऊनच. घरी प्रत असेल तर आठवं प्रकरण काढून बघा.