पोर शाळा का सोडते?

मंडळी, आम्ही शिक्षक. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरावरच्या गावांत आम्ही शिकवतो. आज तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

दसरा-दिवाळी झाली की साखर कारखाने सुरू होतात. गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती ऊस तोडून फेडायची. घराला कुलूप लागते, आणि पोरही गाडीत बसते. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात. परत येईतो मार्च-एप्रिल उजाडतो.

पूर्वी आम्ही आपसात म्हणायचो, आईबापांनाच शिक्षणाची गोडी नाही. एकदा एका बाईने विचारले, "गुरुजी, पोरीला इथं ठेवते. पण रात्री तिच्याजवळ कोण निजंल?" आम्ही गप्प झालो. त्या दिवसापासून गोडीची गोष्ट आम्ही काढली नाही.

पोर का गळते, यावर आमचे एकमत नाही. काही म्हणतात, गरिबी. काही म्हणतात, गळती वर्गातच सुरू होते. हे दुसरे ऐकायला कडू आहे, पण खरे आहे. पोर मार्चात परत येते. पाच महिन्यांचे धडे बुडालेले असतात. आम्ही त्याला मागे बसवतो. वाचता आले नाही की बाकीची पोरे हसतात. जूनमध्ये ते येतच नाही. यात आमचीही चूक आहे.

मुलीचे तर आणखी अवघड. कोपीवर धाकटे भावंड तीच सांभाळते. जरा मोठी झाली की लग्नाचे बोलणे निघते. जोडी झाली की नवा कोयता होतो ना!

शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वर्षात केव्हाही शाळेत घ्यावे लागते. दाखला नाही म्हणून सरकारी शाळेला त्याला अडवता येत नाही. तिकडे कोणी अडवले तर हे ठणकावून सांगा.

काही गावांत हंगामी वसतिगृह चालते. पोर गावातच राहते, जेवण मिळते. आपल्याकडे आहे का, ते गाडी भरण्याआधी विचारा. आणि पोर बरोबर न्यायचेच असेल, तर आम्हाला चिठ्ठी द्या. आता तुम्हाला लिहिता येते. पोराचे नाव, इयत्ता, कारखान्याचे गाव, एवढे पुरे. तिकडच्या शाळेला आम्ही कळवू.