निवडून-पाखडून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी म्हटले, "मला भाषण येत नाही. फार तर चार गमती सांगेन." त्या म्हणाल्या, "त्याच सांगा. रोज दुपारी आमच्या मोबाइलवर पाठवता ना!"

खरे आहे ते. दुपारची आवराआवर झाली की मी चष्मा लावून इंटरनेट उघडते. पूर्वी वर्तमानपत्रातली कात्रणे वहीत चिकटवीत असे. आता नातीने शिकविल्यापासून ती तुमच्या गळ्यात बांधते, इतकाच फरक!

परवा 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटाचा उरलेला भाग पाहिला. दादर पूर्वेच्या ज्या रस्त्याला आज दादासाहेब फाळक्यांचे नाव आहे, तेथेच त्यांनी तो तयार केला, आणि ३ मे १९१३ रोजी आपल्या गिरगावात, कॉरोनेशन सिनेमात तो लोकांना दाखविला. त्यातली तारामती कोण, ठाऊक आहे? अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ! सिनेमात काम करावयास एकही बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरच्या खाणावळीतल्या या स्वयंपाक्याला फाळक्यांनी लुगडे नेसविले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही. म्हणजे रामाने सीतेच्या शोधासाठी आरशात पाहिले असते तरी चालले असते!

हसून झाल्यावर मी आणखी शोधू लागले, तो सरस्वतीबाई फाळके भेटल्या. या बाईंनी चित्रपटासाठी अंगावरचे दागिने दिले, कामावरच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि अंधारात बसून फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागे होती. आणि पडद्यावरही ती लवकरच आली. १९१३ च्याच 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. गमतीच्या पोटात अशी मोलाची गोष्ट निघाली, की ती तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

पण आज एक कबुलीही द्यावयाची आहे. आपले राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरविले, असा निरोप मला आला. छाती अभिमानाने भरून आली आणि मी तो लगेच तुम्हा सर्वांना धाडला. संध्याकाळी नात म्हणाली, "आजी, ही थाप कित्येक वर्षे फिरते आहे. युनेस्कोने असे काही ठरविलेलेच नाही." मी खजील झाले, पण मनात म्हटले, यात कुणाचे काय बिघडले?

बिघडते, मैत्रिणींनो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. ती पुढे पाठविणाऱ्यांत आपल्यासारख्या आयाही असतील. लेकरांच्या काळजीनेच त्यांनी ती पाठविली असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन आपल्या देशात घातले. पण पाचांनी पुढे पाच-पाच जणांना धाडला की पंचवीस होतातच. यंत्राचे बंधन पुरे पडत नाही. बोटावर आपलेच बंधन हवे.

आपण तांदूळ निवडल्यावाचून कधी शिजवितो का? मग निरोपच का न निवडता वाढावा? मी आता तीन खडे शोधते. सांगणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, आणि 'ताबडतोब सर्वांना पाठवा' अशी घाई आहे. यांतला एक जरी सापडला, तरी ते धान्य मी तसेच ठेवून देते. भीती घालणारा निरोप असेल, तर आधी एखाद्या जाणत्या माणसाला विचारते. एक दिवस उशीर झाला म्हणून गमत शिळी होत नाही.

गमती मी पाठवीतच राहणार, आणि तुम्हीही पाठवा. संक्रांतीचे वाण आपण पारखून आणतो, तसेच हेही पारखून द्यावे. आणि माझ्या वाणात खडा सापडला, तर मला सर्वांसमक्ष सांगावे. मी रागावणार नाही.