मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ जानेवारीत वारले. एकुलता मुलगा लंडनला. त्याने फोनवर कळविले, "रात्री नऊचे विमान मिळाले आहे. नऊ तास लागतात." जमलेल्या मंडळींनी बोटांवर हिशेब केला : नऊ आणि नऊ अठरा, म्हणजे पहाटे सहा! भटजींना आठची वेळ दिली, शववाहिनीही सांगून ठेवली.

हिशेबात एकच गोष्ट राहून गेली. हिवाळ्यात लंडनला रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे उत्तररात्रीचे अडीच झालेले असतात. नऊ तास मोजायचे ते तिथून. विमान उतरणार साडेअकराला.

अशी चूक तुमची-माझी, कोणाचीही होईल. उन्हाळ्यात तर लंडनकर आपली घड्याळे तासभर पुढे करतात, म्हणजे साडेपाच तासांचा फरक साडेचारच उरतो.

आता अंतराचे पाहा. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल, तर त्यावर मुंबई ते लंडन एक दोरा ताणून धरा. हे झाले सुमारे 7,200 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने रेघ ओढली, तर तिचा मध्य सीरिया-तुर्कस्तानच्या हद्दीकडे येतो. गोलावरचा दोरा मात्र उत्तरेकडे झुकतो. त्याचा मध्य कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात, तिबिलिसीच्या आसपास पडतो. नकाशा सपाट, पृथ्वी गोल. जवळची वाट दोऱ्याचीच.

पण विमान काही दोऱ्यावरून धावत नाही. त्या वाटेवर युक्रेन येते. 2022 च्या फेब्रुवारीत तिथले आकाश नागरी विमानांना बंद झाले. 2025 च्या एप्रिलात पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांना आणखी वळसा पडला. वळसा म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे इंधन.

शिवाय वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरकस वारे वाहतात. लंडनहून येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. म्हणून येण्यापेक्षा जाण्यास बहुधा अधिक वेळ लागतो. वल्हे मारणाऱ्या कोळ्याला हे सांगावे लागणार नाही!

तरी नऊ-दहा तास म्हणजे काय, हे मागे वळून पाहिले की कळते. एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे पंख्याचे विमान 8 जून 1948 रोजी मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत. 1960 साली बोइंग 707 हे जेट विमान आले आणि हा प्रवास पुष्कळच आटोपशीर झाला. तिकिटावरचे तास मात्र विमानतळापासून विमानतळापर्यंतचे. त्याआधी दोन-तीन तास तिथे हजर व्हायचे, आणि उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, मग मुंबईचे रस्ते.

आमच्या शेजाऱ्यांकडे सात वाजता कोणीतरी लंडनला फोन केला, तेव्हा उलगडा झाला. भटजींनी दुपारची वेळ दिली. "फार वेळ होतो," असे एक-दोघे म्हणाले. पण मुलाच्या आईने ऐकले नाही. दीड वाजून गेल्यावर टॅक्सी दारात थांबली.