सुकाणूचे तेल गळते तेव्हा



आज आम्ही तुमच्याशी नौकेच्या सुकाणूविषयी बोलणार आहोत.

आम्ही मिस्त्री नव्हे. आमचा जन्म शाळेत गेला, फळ्यापुढे उभे राहण्यात. पण आमची शाळा बंदरावरची. आमच्या हाताखालची मुले पुढे कोणी तांडेल झाली, कोणी इंजिनाची कामे करू लागली. निवृत्त झाल्यापासून आम्ही त्यांच्या कामापाशी जाऊन बसतो. विचारून विचारून समजून घेतो. त्यांनी आम्हांला जे शिकवले, तेच तुम्हांला सांगतो.

पूर्वी सुकाणूचा दांडा हातात धरूनच नौका वळवीत. मग चाक आले, साखळी आली. आता पुष्कळ यांत्रिक नौकांवर तेलाचे सुकाणू असते. त्याला हायड्रॉलिक स्टिअरिंग म्हणतात. नाव मोठे आहे, पण गोष्ट सोपी आहे.

शिमग्यातली पिचकारी आठवा. दोन पिचकाऱ्या घ्या. पाणी भरून त्यांची तोंडे एका नळीने जोडा. एकीचा दट्ट्या आत दाबला, की दुसरीचा आपोआप बाहेर येतो. कारण पाणी दाबून लहान होत नाही. ते पुढे सरकते. तेलाचेही तसेच.

केबिनमधल्या चाकामागे एक लहान पंप असतो. त्याच्यापासून दोन नळ्या मागे जातात. मागे सुकाणूच्या दांड्याशी एक सिलिंडर असतो. त्याच्या आत दट्ट्या असतो. चाक एका बाजूला फिरवले, की एका नळीतून तेल सिलिंडरात शिरते आणि दट्ट्याला ढकलते. दट्ट्या दांड्याला ढकलतो. सुकाणू वळते. दट्ट्याच्या पलीकडचे तेल दुसऱ्या नळीने पंपाकडे परत येते. चाक उलटे फिरवले, की सगळे उलटे होते.

कोंडलेल्या द्रवाला एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखा पोचतो. हा नियम फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कल नावाच्या विद्वानाने सांगितला. तो १६२३ साली जन्मला आणि १६६२ साली वारला. त्याच्या ह्या नियमामुळेच दोन हातांचा जोर एवढे मोठे सुकाणू वळवतो. मात्र फुकट काही मिळत नाही. जोर वाढला, की सरकणे कमी होते. म्हणून सुकाणू ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला चाकाचे बरेच फेरे लागतात.

आता सायकलचा पंप घ्या. त्याचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबा. दांडा थोडा आत जातो, नाही का? कारण हवा दबते. इथेच सारी मेख आहे. सुकाणूच्या नळीतून तेल बाहेर गेले, की त्याच्या जागी हवा आत येते. मग तुम्ही चाक फिरवता, पण तो जोर हवा दाबण्यातच जातो. सुकाणूपर्यंत पोचत नाही. चाक मऊ लागते. जिथे चार फेरे पुरत, तिथे सहा लागतात. एक दिवस चाक नुसतेच फिरते.

असे कुठे होते, त्यावर सारे अवलंबून असते. खुल्या समुद्रात झाले तर विचार करायला वेळ मिळतो. खाडीच्या तोंडाशी तसे नाही. हर्णैच्या नौका वादळात आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात. तिथे तोंडाशी गाळ साचतो. अशी तोंडे कोकणात ठिकठिकाणी आहेत. वाट अरुंद, दोन्हीकडे उथळ, मागून लाटा. तिथे नौका आडवी झाली तर उलटायला वेळ लागत नाही.

एका नौकेची गोष्ट सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही. त्या नौकेच्या सिलिंडरातून तेल ठिबकत होते. तांडेल माणूस अनुभवी. त्याने एक डबा आणून ठेवला होता. चाक मऊ लागले की थोडे तेल ओतायचे आणि पुढे जायचे. असे दोन महिने चालले. मग एका संध्याकाळी, ओहोटीच्या वेळी, खाडीच्या तोंडाशी चाक सैल पडले. सहा माणसे नौकेवर. एका तरुण खलाशाने कोणाची वाट न पाहता नांगर टाकला. नांगर धरला, म्हणून नौका थांबली. भरतीला दुसऱ्या नौकेने ती ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सिलिंडर खोलला. आतली रबरी सीले फुगून लिबलिबीत झाली होती. त्याने डबा मागितला. डब्यावर लिहिले होते, ‘ब्रेक ऑईल’. ते मोटारीच्या ब्रेकसाठी असते. सुकाणूच्या सीलांचे ते वाटोळे करते. डबा दोन महिने सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. पण त्यावरची अक्षरे वाचणारे नौकेवर कोणी नव्हते. तुम्ही आज वाचायला शिकलात, ते अशा वेळी उपयोगी पडते.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. तेल ओतणे ही दुरुस्ती नव्हे. गळती कुठे आहे, ते शोधले पाहिजे.

गळती कशी शोधावी? नौका धक्क्याला बांधा. इंजिन बंद करा. सगळे सांधे, नळ्या आणि सिलिंडर चिंधीने कोरडे पुसा. खाली कोरडा कागद पसरा. एकाने चाक एका टोकापर्यंत फिरवावे आणि थोडा जोर देऊन धरावे. दुसऱ्याने बॅटरी घेऊन बघावे. मग दुसऱ्या टोकाला तसेच करावे. ह्या वेळी सुकाणूच्या दांड्याजवळ कोणाचा हात नसावा.

बघायच्या जागा चार. एक, चाकाचा दांडा पंपात शिरतो ती जागा. दोन, नळ्यांचे सांधे. तीन, नळी लाकडाला किंवा पत्र्याला घासते ती जागा. चार, सिलिंडरातून चकचकीत दांडा बाहेर येतो ती जागा. बाहेर कुठेच तेल नाही, तेलही कमी होत नाही, तरी सुकाणू एका जागी टिकत नाही, असे असेल तर दोष आत आहे. ते काम मिस्त्रीचे.

एक गोष्ट कधी करू नका. दाबाखालची गळती बोटाने चाचपू नका. बारीक भोकातून सुटलेली तेलाची धार कातडीत सुईसारखी शिरते. जखम टाचणीएवढी दिसते. आधी फार दुखतही नाही. पण आतून हात नासू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, त्यावर डाग उमटेल. कोणाला तेल टोचलेच, तर लगेच दवाखान्यात न्या आणि ‘दाबाचे तेल आत गेले’ असे स्पष्ट सांगा.

सांधा गळत असेल तर दोन पाने घ्या. एकाने खालचा भाग धरा, दुसऱ्याने नट आवळा. बेताने आवळा. जोर केला तर आटे जातात. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप इथे नको. तिचे तुकडे आत जाऊन पंपाच्या झडपा अडवतात. नळी घासली असेल तर ती बदला. चिंधी बांधून काम भागत नाही.

सिलिंडरचा दांडा गळत असेल तर आधी तो गोड्या पाण्याने धुऊन नीट बघा. त्यावर मीठ बसून खड्डे पडले असतील, ओरखडे असतील, तर नवे सीलही लवकर कापले जाईल. मग दांडाही बदलावा लागतो. दांडा चांगला असेल तर सील बदलले की पुरे. सिलिंडरवर पट्टी असते. तिच्यावरचा नंबर वहीत उतरवून घ्या. दुकानात तो नंबर दाखवून सील मागा. अंदाजाने आणलेले सील बसत नाही.

मग तेल भरायचे आणि हवा काढायची. यंत्र बनवणाऱ्याने सांगितलेलेच तेल घ्या. डब्यावरची अक्षरे वाचा. डबा बंद, तेल स्वच्छ असावे. एकाने चाकापाशी तेल ओतत राहावे. तिथली पातळी खाली जाऊ देऊ नये. दुसऱ्याने सिलिंडरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करावा. त्याला पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडावी. चाक सावकाश एकाच बाजूला फिरवावे. आधी बुडबुडे येतात. नुसते तेल येऊ लागले की स्क्रू बंद. मग दुसऱ्या बाजूला तसेच. बाटलीतले तेल परत ओतू नये. ते समुद्रातही टाकू नये. ज्या पाण्यावर आपण जगतो, त्यात विष का कालवावे?

शेवटी चाक टोकापर्यंत नेऊन बघा. ते ठणठणीत अडले पाहिजे. उशीसारखे दबले तर हवा उरली आहे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे लागले, ते मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. कधी किती तेल घातले, तेही लिहा. घरी हिशेब ठेवणाऱ्या बायांनीही ही वही बघावी. तेलाचे आकडे वाढू लागले, तर घरधन्याला विचारावे. वही खोटे बोलत नाही.

नौकेवर सुकाणूचा जादा दांडा ठेवा, आणि तो बसवायचा सराव करा. नांगर मोकळा ठेवा. वायरलेसचा १६ नंबरचा चॅनेल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहा.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. नौका शाकारून ठेवलेल्या असतात. जाळी विणायला, रंग द्यायला आपण वेळ काढतो. त्यातला एक दिवस सुकाणूला द्या. रंग सगळ्यांना दिसतो, सील कोणाला दिसत नाही. पण खाडीच्या तोंडाशी सहा माणसांचा भार त्या सीलावरच असतो.