प्रवासाची कार्डे
(मंडळाच्या वाचनालयात सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोस्टकार्डांच्या संग्रहावर व्याख्यान आहे हे ऐकून मागच्या रांगेतली मुले हसली, ते आम्ही पाहिले. हसणे साहजिक आहे. एका सहलीत दोनशे फोटो मोबाईलवर काढणाऱ्या पिढीला हातभर लांबही नसलेल्या कागदाचे कौतुक काय सांगावे? तरीही सांगतो. गेली काही वर्षे आम्ही चार-पाच जण पारोळा आणि आसपासच्या खेड्यांतून, लोकांच्या पत्र्याच्या पेट्यांतून, फोटोच्या फ्रेमच्या मागून, धान्याच्या कोठीवरच्या पिशव्यांतून प्रवासाची जुनी कार्डे पाहत आलो आहोत. त्यातून जे ध्यानात आले ते आपल्यापुढे ठेवतो.

थोडा इतिहास आधी. जगातले पहिले पोस्टकार्ड १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. आपल्या देशात ते १ जुलै १८७९ रोजी आले, किंमत पाव आणा. गरिबाला परवडणारी ही पहिली टपालाची सोय. चित्राची कार्डे त्यानंतर काही वर्षांनी आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे वेडच पसरले. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार म. वि. धुरंधर यांनी मुंबईच्या जीवनावर कार्डांसाठी चित्रे काढली. लोणावळ्याजवळ मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधूनही चित्रे घरोघर गेली. साहेब लोक ही कार्डे विकत घेऊन विलायतेला धाडीत आणि तिकडे आल्बममध्ये लावीत. संग्राहक आज त्यांना मोठी किंमत देतात.

परंतु मित्रहो, ती कार्डे नीट पाहा. भिस्ती, धोबी, झाडूवाला, हमाल, कोळीण असे त्यांवर छापलेले असते. माणूस आहे, त्याचा धंदा आहे, नाव मात्र नाही. आपले आजे-पणजे कुठे सापडलेच तर ते असे, दुसऱ्याच्या प्रवासाची आठवण म्हणून. म्हणूनच आपल्या माणसाने स्वतः प्रवास करून, स्वतःच्या नावाने, आपल्या घरच्या माणसाच्या नावावर टाकलेले साधे कार्डही आम्हाला त्या रंगीत कार्डांहून मोलाचे वाटते. चित्राची कार्डे सुंदर आहेत यात वाद नाही. पण आपल्यासाठी मोठा ऐवज तो नव्हे.

आपल्या लोकांचा प्रवास तरी कोणता होता? पूर्वी पोटासाठीच. मुंबईच्या गिरण्या, भुसावळची रेल्वे, ऊसतोड. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर दुसरा प्रवास सुरू झाला. नागपूर, दादरची चैत्यभूमी, आणि ज्यांना जमले त्यांना सारनाथ, बोधगया, कुशीनगर, लुंबिनी. पारोळ्याला रेल्वे नाही. एस.टी.ने अमळनेर किंवा जळगाव गाठायचे आणि तेथून गाडी धरायची. निघताना घरची म्हातारी एकच सांगे, पोहोचल्याचे कार्ड टाक. मग आठवडाभर गल्लीत पोस्टमन दिसला की विचारणा, "कार्ड उनं का?" 

या कार्डांवर मजकूर फार नसतो. सुखरूप पोहोचलो, गर्दी फार आहे, बैलाला पाणी वेळेवर दाखवा, परतीचे तिकीट अमुक दिवसाचे आहे. पण माथा पाहावा. पूर्वी कार्डाच्या माथ्यावर 'श्री' घालून 'शिरसाष्टांग नमस्कार' लिहीत, तेथे 'जयभीम' आलेला दिसतो. एकाच घरातली वीस वर्षांची कार्डे क्रमाने मांडली तर हा बदल कोणत्या साली घरात शिरला हे डोळ्यांना दिसते. हस्ताक्षर हीही एक गोष्ट आहे. आरंभीच्या कार्डांवर सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. खाली "लिहिणार अमुक यांचा जयभीम वाचावा" अशी ओळ. पुढे तेच घर आणि तोच पत्ता, पण अक्षर मुलाचे. त्याच्याही पुढे मुलीचे, आणि ते बहुधा बापाच्या लिहिणाऱ्यापेक्षा वळणदार. साक्षरता घरात कशी आली याचे आकडे सरकारच्या पुस्तकात मिळतील, पण ती कोणाच्या हाताने आली हे या कार्डांवर आहे.

विद्यार्थ्यांना आवडेल अशी एक गोष्ट. कार्डावर तारीख नसली, शिक्का पुसट झाला, तरी काळ ओळखता येतो. पत्ता वाचा. 'जिल्हा पूर्व खानदेश' असे असेल तर ते कार्ड बहुतेक १९०६ ते १९६० या काळातले. कारण १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये पूर्व खानदेशाचे नाव जळगाव झाले. बहुतेक म्हणतो, कारण जुन्या माणसांच्या हाताला सवय असते, ते नंतरही पूर्व खानदेशच लिहीत राहिले. किंमत 'नये पैसे' अशी छापलेली असेल तर १९५७ नंतरचे आणि १९६४ च्या सुमारापर्यंतचे. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. लुंबिनीहून टाकलेल्या कार्डावर नेपाळचे तिकीट असते, ते पाहून एका घरातल्या आजींना आपले यजमान परदेशी जाऊन आले होते हे प्रथमच उमगले! 

सारनाथची चित्रकार्डे आपल्या भागात बरीच सापडतात. धमेक स्तूप, १९३१ साली उभारलेला मूलगंधकुटी विहार आणि त्याच्या भिंतींवरची जपानी चित्रकार कोसेत्सू नोसू यांची चित्रे. अजिंठ्याची तर असणारच. जळगावहून साठ किलोमीटरच्या आसपासचे अंतर, शाळेच्या सहली दरवर्षी जातात. पुरातत्त्व खात्याचे कार्डांचे पाकीट पूर्वी तेथे हमखास घेतले जाई. बहुतेकांनी ती कार्डे कोणालाच पाठवली नाहीत, तशीच जपून ठेवली. 

अजिंठ्यावरून तिकिटाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वतंत्र भारताने १५ ऑगस्ट १९४९ रोजी पुरातन शिल्पांची तिकिटमाला काढली. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचे शिल्प, तीन आण्यांच्या तिकिटावर सांचीचे तोरण, साडेतीन आण्यांच्या तिकिटावर बोधगयेचे मंदिर. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती, पण चित्र उलटे छापले गेले, उजवा हात डावा झाला. १९५० साली ते सुधारून पुन्हा काढले. जुन्या कार्डावर हे तिकीट मिळाले तर हात कोणता आहे ते अवश्य पाहा.

आता कोणी म्हणेल, चित्रे तर आता मोबाईलवर हवी तितकी मिळतात, जुना कागद कशाला? त्याला अजिंठ्याचेच उत्तर आहे. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे बसून तेथील चित्रांच्या नकला केल्या, त्या विलायतेत १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. मूळ भिंतींवरचा रंगही दरम्यान झडतच होता. आणि अफगाणिस्तानात बामियानच्या डोंगरात कोरलेल्या ५५ व ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून उडवल्या. तेथे गेलेल्या प्रवाशांनी पूर्वी घेतलेली कार्डे कोणाच्या घरी असतील तर त्यांवर त्या मूर्ती अजून उभ्या आहेत. 

आपल्याकडे मात्र कार्डे जातात ती सुरुंगाने नव्हे, दिवाळीच्या आवराआवरीत. म्हातारा गेला की त्याची पेटी रद्दीवाल्याकडे. दुसरे एक कारण आमच्या लक्षात आले. मयताची वार्ता देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवण्याची आणि ते वाचून लगेच फाडून टाकण्याची रीत आपल्या भागात होती, ते कार्ड घरात ठेवीत नसत. त्या रीतीच्या झपाट्यात शेजारची चांगली कार्डेही गेली. तिसरे कारण आमचे तिकीटप्रेमी बालमित्र! तिकीट कापून घेतात आणि त्याच्याबरोबर अर्धा शिक्का, म्हणजे गाव आणि तारीख, दोन्ही जातात. मुलांनो, तिकीट कार्डावरच राहू द्या, त्याची किंमत तेथेच अधिक आहे.

जपण्याविषयी थोडे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हाळ्यात स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशवीत चित्रकार्ड ठेवले की ते चिकटते, सोडवताना रंग निघतो. लॅमिनेशन तर करूच नये, ते पुन्हा निघत नाही. आल्बमला डिंकाने चिकटवले की मागचा मजकूर कायमचा गेला, आणि मजकूर तर मागेच आहे. कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालून पुठ्ठ्याच्या डब्यात, भिंतीपासून दूर, वाळवीपासून उंचावर ठेवावे. इतके पुरे आहे, खर्च काही नाही.

एक खंत बोलून दाखवतो. सारनाथचे कार्ड आपल्या घरात आहे, पण आपल्या गावाचे नाही. पारोळ्याचा १७२७ साली बांधलेला भुईकोट किल्ला, धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगरातला लांडोर बंगला, जेथे डॉ. बाबासाहेबांचा १९३७ च्या जुलैअखेर मुक्काम झाला आणि जेथे दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक जमतात, यांचे चित्रकार्ड एकाही घरात आम्हाला मिळाले नाही. मोबाईलवरचे फोटो आहेत, पण फोन बिघडला की तेही जातात. विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे असे वाटते. चांगला फोटो जाड कागदावर छापून घ्या. सरकारी कार्ड १४ सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर रुंद असते, तेच माप धरा. मागे उभी रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. पुरेसे तिकीट किती ते टपाल कार्यालयात विचारा आणि ३१ जुलैला जाल तेव्हा धुळ्याहून आपल्याच घरच्या पत्त्यावर टाका. शिक्का ठळक उमटवून मागा, कारकून बहुधा हौसेने उमटवतात.

मंडळाने या कामासाठी वाचनालयातले एक कपाट मोकळे करून दिले आहे. कोणाचेही मूळ कार्ड आम्ही ठेवून घेणार नाही. दोन्ही बाजूंची छायाप्रत काढून कार्ड त्याच दिवशी परत केले जाईल. घरगुती भांडणतंट्याचा किंवा खाजगी मजकूर असेल तर तो झाकूनच छायाप्रत निघेल. फक्त येताना घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे विचारून या, कार्ड कोणी टाकले, कोणाला, आणि लिहिले कोणी. ही तीन नावे छायाप्रतीच्या मागे शिसपेन्सिलीने लिहायची आहेत. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही येथेच असतो.