बोंड बाहेरून हिरवेच दिसते
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचा विषय जेवणानंतर आहेच. सकाळचा अर्धा तास आम्ही मागून घेतला तो वेगळ्या कामासाठी. मागच्या बैठकीला पुढच्या रांगेत बसलेला आपला एक कार्यकर्ता आज नाही. वय पन्नाशीच्या आत. अंगाने काटक, दिवसभर डवऱ्यामागे चालणारा. पहाटे छाती भरून आली, घाम फुटला. वांगे बाधले म्हणून त्याने ओवा आणि सोडा घेतला आणि पहिल्या एस.टी.ची वाट पाहत बसला. एस.टी. येण्याआधी गेला. नंतर फळीवर दीड वर्षापूर्वीचा रक्ततपासणीचा कागद सापडला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती. दोन महिने घेतली, आकडा खाली आला, बरे वाटत होते, म्हणून बंद केली. आम्ही त्याच्याशी बोंडअळीवर तासन् तास बोललो. हा कागद काही आम्ही कधी विचारला नाही.

हा बसून खाणाऱ्या शेटजींचा रोग, अशी आपली समजूत आहे. बावन्न देशांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या उपखंडातील माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. म्हणजे आपण सहा वर्षे आधीच रांगेत उभे.

आता हे रक्तातले स्निग्ध काय प्रकरण आहे ते पाहू. निंबोळी तेल फवारायचे तर पंपात साबणाचा चुरा घालावा लागतो, नाहीतर तेल पाण्यावर तरंगते. रक्तही पाण्यासारखेच. कोलेस्टेरॉल त्यात विरघळत नाही. म्हणून शरीर त्याला प्रथिनाच्या बंडीत भरून पाठवते. भरलेली बंडी यकृताकडून अंगभर माल घेऊन निघते, तिचे नाव एलडीएल. उरलासुरला माल गोळा करून यकृताकडे परत आणणारी ती एचडीएल. कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. प्रत्येक पेशीच्या भिंतीला ते लागते आणि त्यातले बरेचसे आपले यकृतच तयार करते. तिसरे ट्रायग्लिसराइड. ते म्हणजे पेवात भरायला निघालेले धान्य. खाणे जास्त, खर्च कमी, की पेवाकडे रांग लागते. आणि ते नुसत्या तेलातुपाने वाढत नाही. साखर, मैदा, ढीगभर भात आणि दारू यांनीही वाढते.

भरलेल्या बंड्या रस्त्यात अडून राहिल्या की घोटाळा सुरू होतो. यकृताच्या पेशींवर त्यांना आत घेणारी दारे असतात. ही दारे शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकन डॉक्टरांना १९८५ चे नोबेल मिळाले. काही घराण्यांत ही दारे जन्मतःच कमी असतात. माणूस लुकडा असो, शाकाहारी असो, त्याचे एलडीएल चढेच राहते. ज्या घरात बाप किंवा काका पन्नाशीच्या आत छातीने गेला, त्या घरातल्या सगळ्यांनी, पोरांनीसुद्धा, तपासून घ्यावे.

अडलेला माल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतो. भिंतीत, नळीत नव्हे. ठिबकच्या नळीत क्षार साचतात तसे हे चित्र लोक काढतात, ते अर्धेच खरे. २०१७ ची गुलाबी बोंडअळी आठवा. बोंड बाहेरून हिरवेगार, फोडले की आत सरकी खाल्लेली. भिंतीत वर्षानुवर्षे अशीच गाठ वाढते आणि दुखत नाही. एक दिवस तिचा पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. म्हणूनच काल नांगर धरणारा माणूस आज पडतो. बिडी आणि खर्रा ही भिंत आधीच खराब करून ठेवतात. रक्तदाब आणि साखर बाकीचे काम करतात.

मग कामगंध सापळा कोणता? तर रक्ताची लिपिड तपासणी. एलडीएल १०० च्या खाली, ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली, एचडीएल पुरुषाचे ४० आणि बाईचे ५० च्या वर असावे. एकदा झटका येऊन गेला असेल तर एलडीएल ७० च्याही खाली आणतात. आमचे शिक्षण शेतीचे, डॉक्टरकीचे नाही. पण आर्थिक नुकसानीची पातळी आपल्याला कळते. सापळ्यात एक पतंग दिसला म्हणून आपण फवारत नाही. सलग तीन रात्री आठ-आठ आले की फवारतो. तसेच डॉक्टर एका आकड्यावरून ठरवत नाहीत. वय, तंबाखू, साखर, रक्तदाब असे सगळे मिळून गोळी ठरते. ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, यकृतावरची दारे वाढवते. बंद केली की दारे पुन्हा कमी होतात आणि काही आठवड्यांत आकडा होता तिथे येतो. आपला गडी इथेच फसला. आकडा खाली आला होता तो गोळीमुळे. अंग फार दुखायला लागले तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने सोडू नका.

खाण्याचे थोडे बोलू, कारण त्यात आपल्याच पिकाची गोष्ट आहे. १९११ साली अमेरिकेत क्रिस्को नावाचे घट्ट केलेले तेल बाजारात आले. ते सरकीच्या तेलाचे होते. आपल्याकडे १९३७ मध्ये डालडा आला. गरिबाचे तूप म्हणून लग्नापंगतीत पिढ्यान् पिढ्या आपण हे वनस्पती तूप खाल्ले. हे एलडीएल वाढवते आणि एचडीएल उतरवते, हे १९९० मध्ये हॉलंडच्या संशोधकांनी दाखवले. त्यातल्या वाईट स्निग्धावर, ट्रान्स फॅटवर, आपल्या सरकारने २ टक्क्यांची मर्यादा घातली ती जानेवारी २०२२ पासून! आता खाऱ्या-मिठाईत पामतेल आहे. त्यातला निम्मा भाग एलडीएल वाढवणाऱ्या घट्ट जातीचा. सरकीच्या तेलात तो पाव हिस्सा, करडीत जेमतेम दहावा. करडीला भाव नाही, कापणीला मजूर नाही, म्हणून आपण ती मोडली आणि बाहेरचे पामतेल विकत घेऊ लागलो. यावर दुपारी बोलूच. जवसाची चटणी मात्र घरात परत आणा, ज्वारीची भाकरी पाहुणे आले म्हणून लपवू नका. साजूक तूप निर्दोष नाही. भाकरीवर चमचाभर एवढे ठीक, वाटीने नको.

आणि बायांनो, तुमच्याकडे लक्ष कोणी देत नाही. तुम्हाला छातीत कळ न येता नुसता दम, मळमळ, पाठ-जबडा दुखणे असेही होते. घरात कुणालाही असे घामासह झाले तर सोडा नको, एस.टी.ची वाट नको. १०८ ला फोन, आणि जिथे ईसीजी निघतो तिथे जायचे. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा गुण पहिल्या तासांत सर्वात जास्त.

ओसरीवर रक्तदाबाचे यंत्र ठेवले आहे, जेवणाआधी मोजून घ्या, नंतर गर्दी होते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखाप्रमुखाने आपला रक्ताचा कागद आणायचा आहे. आम्ही आमचा आज आणला आहे. एलडीएल १४२. टेबलावर ठेवतो, बघून घ्या.