दोष दैवाचा नव्हे, वस्तूचा



अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता काशीदला आला की समुद्र एकदम जवळ येतो. सुरूच्या झाडांमागची ती पांढरी वाळू पाहण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे येतात. त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय करणे हा आता नारळ-सुपारीच्या वाडीप्रमाणेच येथील घरांचा आधार झाला आहे. आजचा विषय मात्र समुद्राचा किंवा पर्यटनाचा नाही. तो घरातल्या एका साध्या वस्तूचा, शेकाच्या पिशवीचा आहे.

दुखऱ्या गुडघ्याला शेक देणे कोकणातल्या घरांना नवे नाही. निर्गुडीचा पाला किंवा तव्यावर तापवलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपचार. शेक देणारी सून वा लेक ती पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला टेकवून पाहत असे आणि मगच सासूच्या, आईच्या गुडघ्याला लावत असे. आज तिच्या जागी विजेवर तापणारी पिशवी, कमरेचा पट्टा, वाफाऱ्याचे यंत्र आले. त्यात गैर काही नाही, सोयच झाली. परंतु मनगटावर ताप तपासणारा तो हात मधून निघून गेला. त्याचे काम आता पिशवीच्या आतील तापनियंत्रकाने करायचे असते. तोच सदोष निघाला तर?

एक प्रातिनिधिक उदाहरण घ्यावे. मुलगा मुंबईत नोकरीला आहे. गावी आईची कंबर दुखते म्हणून तो घरबसल्या मागणी नोंदवून विजेची पिशवी पाठवतो. आईला मधुमेह असल्याने कातडीची जाणीव कमी झालेली. तापनियंत्रक चालत नाही, पिशवी प्रमाणाबाहेर तापते, शिवण उसवते आणि उकळते पाणी अंगावर येते. घरात पहिले वाक्य उच्चारले जाते : ‘जरा जपून घ्यायला हवं होतं.’ दुसरे वाक्य : ‘नशीब!’ आणि फुटलेली पिशवी त्याच संध्याकाळी उकिरड्यावर जाते. आई तर भाजतेच, पण दाद मागण्याचा सर्वांत मोठा पुरावाही त्याबरोबर नष्ट होतो.

उष्णतेचे गणित

फार गरम वस्तूनेच माणूस भाजतो, ही समजूत अपुरी आहे. मोरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिले की, भाजणे हे तापमान आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून असते. ६० अंश सेल्सिअसला प्रौढ माणसाची त्वचा अवघ्या पाच सेकंदांच्या आसपास गंभीर भाजते. पण केवळ ४४ अंशांची वस्तूही सुमारे सहा तास अंगाला चिकटून राहिली, तर जखम करते. म्हणजे हाताला नुसता कोमट-गरम लागणारा पट्टा रात्रभर कमरेखाली ठेवून झोपणे धोक्याचे असते. आणि ज्याला ताप जाणवतच नाही, अशा मधुमेही माणसाला तर अधिकच.

हे ज्ञान आपल्या परंपरेला अपरिचित नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनावर, म्हणजे शेक व वाफारा यांवर आहे. त्यात स्वेदनाचे प्रकार जसे सांगितले आहेत, तसेच ते कोणाला देऊ नये, याची यादीही आहे. गर्भिणी आणि मधुमेही यांचा त्या यादीत स्पष्ट समावेश आहे. डोळे व हृदय यांना उष्णतेपासून जपावे, असेही तेथे बजावले आहे. उपचारासोबत इशारा देणे हा वैद्याचा धर्म मानला गेला. मग पिशवीच्या खोक्यावर ‘वेदनामुक्ती’ ठळक अक्षरांत छापणाऱ्या उत्पादकाने मधुमेहींसाठी एक ओळ का छापू नये?

कायदा काय देतो?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘कंटकशोधन’ हे अधिकरण सुरू होते तेच कारागीर आणि व्यापारी यांच्यापासून प्रजेचे रक्षण करण्याच्या नियमांनी. स्वतंत्र भारतात मात्र त्यासाठी चळवळ उभारावी लागली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि ग्राहकाचे शोषण हा सामाजिक प्रश्न म्हणून मांडला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

त्या कायद्यात इजेची भरपाई होती, परंतु ती समोरच्याच्या निष्काळजीपणाशी जोडलेली होती. कारखान्याच्या चार भिंतींआड काय घडले, हे गावातल्या माणसाने सिद्ध करायचे कसे? २०१९ च्या नव्या कायद्याने ‘उत्पादन दायित्व’ असे स्वतंत्र प्रकरणच घातले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने हा किनारा झोडपला. त्यानंतर दीड महिन्याने, २० जुलै २०२० पासून ते प्रकरण लागू झाले. वादळाच्या धबडग्यात या किनाऱ्यावर त्याची वार्ता फारशी कुणाच्या कानी गेली नसल्यास नवल नाही.

या कायद्याच्या कलम ८४ नुसार वस्तू बनवण्यात दोष असेल, रचनेतच दोष असेल, ठरलेल्या प्रमाणांपासून ती ढळली असेल, दिलेल्या हमीप्रमाणे नसेल किंवा इजा टाळण्यासाठी पुरेशा सूचना व इशारे नसतील, तर उत्पादक जबाबदार ठरतो. शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. पिशवी फुटली नाही, पण इशारा नव्हता म्हणून माणूस भाजला, तरीही दावा उभा राहू शकतो.

‘वस्तू परदेशी, उत्पादकाचा पत्ता नाही’, ही सबबही विक्रेत्याला तारत नाही. उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर कलम ८६ विक्रेत्यालाच उत्तरदायी धरते. शिवाय, खरेदी मुलाने केली असली, तरी त्याच्या संमतीने वस्तू वापरणारी आईही कायद्याने ‘ग्राहक’च आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वस्तूचा गैरवापर केला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर कलम ८७ नुसार विक्रेत्याविरुद्धचा दावा टिकत नाही. प्लग लावलेला असतानाच पिशवी अंगावर घेणे, वायर स्वतःच जोडणे हे प्रकार आधी घरातच थांबले पाहिजेत.

सातशे तक्रारींची गोष्ट

१९९२ साली अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सची कॉफी अंगावर सांडून एक ७९ वर्षांची वृद्धा गंभीर भाजली. १९९४ साली ज्यूरीने तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा जगाने तिची थट्टा केली. ‘कॉफी गरम असते, हे ठाऊक नव्हते का?’ ज्यूरीने तिचाही २० टक्के दोष धरला होता. पण सुनावणीत उघड झाले की, आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या आणि तरीही कॉफी सुमारे ८२ ते ८८ अंशांवरच दिली जात होती. त्या सातशे जणांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या, म्हणून तिच्या दाव्याला बळ मिळाले. जी इजा ‘नशीब’ म्हणून गिळली जाते, ती कोणत्याच दप्तरात नसते. आणि तीच पिशवी दुसऱ्या गावात, दुसऱ्या आईच्या कमरेखाली जाते. तक्रार करणे हा पैशाचा हव्यास नव्हे. ते पुढच्या घराप्रती असलेले कर्तव्य आहे.

जो ग्राहक, तोच यजमान

काशीदसारख्या गावाला या कायद्याचे दुहेरी भान हवे. पाहुण्यांना खोली देणारे घर सेवा देणारेही असते. खोलीतला पाणी तापवण्याचा हीटर सदोष असेल आणि पाहुणा भाजला, तर कायदा यजमानाच्या दारी येऊन उभा राहू शकतो. म्हणून आयएसआय चिन्ह असलेलाच हीटर घ्यावा, त्याची वेळच्या वेळी तपासणी करून घ्यावी आणि सूचना मराठी-हिंदीत भिंतीवर लावावी. अतिथी देव म्हणायचा, तर त्याचे अंग भाजू न देणे हे पहिले आतिथ्य होय.

प्रसंग ओढवलाच, तर भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई लावू नये. डॉक्टरांकडे जाऊन कारणासह नोंद करून घ्यावी. जखमेची आणि वस्तूची छायाचित्रे काढावीत. पावती, खोके, सूचनापत्रक जपावे. फुटलेली वस्तू दुरुस्त न करता, न फेकता पिशवीत बांधून ठेवावी. आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. काशीदकरांसाठी तो अलिबागला आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही, वकीलही अनिवार्य नाही. १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते आणि ई-जागृती संकेतस्थळावरून घरूनच तक्रार दाखल करता येते.

गावात शिकलेली, संगणक हाताळणारी तरुण मुले-मुली आहेत. एखाद्या आजीचा हात भाजला, तर तिची तक्रार लिहून देण्याचे काम त्यांनी आपले मानावे. शाखेतून आणि महिला मंडळांतून एवढी सवय जरी रुजली, तरी कोणत्याही घरात फुटलेली पिशवी उकिरड्यावर जाण्याआधी एकदा तक्रारीचा विचार होईल.